आडणा काढायला आठ सेकंद

मेस्त्रींनी छिन्नीनं गिलाव्याचा हातभर चौकोन उतरवला, एक दगड सैल करून बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, "घाला हात आत. बघा." हात कोपरापर्यंत गेला. मूठभर भुसभुशीत माती बाहेर आली, शेंगांची टरफलं आली, उंदरानं कुरतडलेली सुतळी आली. भिंत दोन फूट जाड. बाहेरून बघणाऱ्याला गढीसारखी वाटावी अशी. प्रत्यक्षात ती एक भिंत नव्हतीच. दगडांचे दोन पातळ पडदे पाठीला पाठ लावून उभे होते आणि मध्ये माती-कपच्यांचा भराव होता.

घर बेळगाव तालुक्यातलं, मार्कंडेय नदीच्या जवळच्या एका गावातलं. गावाचं नाव देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. एरवी इथं पाच माणसं राहतात: पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचे थोरले चिरंजीव (अख्खी गल्ली त्यांना अण्णा म्हणते), वहिनी, उद्यमबागेत कारखान्यात जाणारा मुलगा आणि कॉलेजातली मुलगी. धाकटे भाऊ पुण्याला, एक बहीण निपाणीला, एक खानापूरला. गणपतीत सगळे येतात आणि पाचाची एकवीस माणसं होतात. हा एकवीसचा आकडा पुढं महत्त्वाचा ठरला.

मला त्यांनी भूकंपासाठी बोलावलं नव्हतं. बोलावलं होतं स्लॅबसाठी. गणपतीत माणसं मावत नाहीत, म्हणून मागच्या अर्ध्या भागाची कौलं उतरवायची, दगडी भिंतींवर सहाशे चौरस फुटांचा स्लॅब टाकायचा आणि पुढंमागं वर दोन खोल्या चढवायच्या, असा बेत होता. खालच्या भिंती "लोखंड हाय की ओ" म्हणून कुणाला शंकाच नव्हती. आमच्या भागात गल्लीमागं एक तरी घर असं सापडतं: खाली आजोबांच्या काळची दगड-मातीची भिंत, वर नातवाच्या पगारातला स्लॅब.

मी आधी हिशेब मांडला. सहाशे चौरस फूट म्हणजे छप्पन्न चौरस मीटर. पाच इंची स्लॅबचं नुसतं काँक्रीटच साडेसतरा टन. आज त्याच जागेवर मंगलोरी कौलं, रिपा आणि वासे मिळून साडेतीन-चार टन आहेत. अण्णा म्हणाले, "भिंत पेलंल की तेवढं." उभं वजन पेलेलही कदाचित. पण भूकंपात घराला वरून कुणी दाबत नाही आणि बाहेरून कुणी ढकलत नाही. पायाखालची जमीन आडवी सरकते, आणि डोक्यावरचं वजन असतं तिथंच राहू बघतं. एसटीनं अचानक ब्रेक मारला की उभ्या माणसांचं होतं तसंच. डोक्यावर जेवढं जड ओझं, तेवढा भिंतीला आडवा हिसका. चार टनांच्या जागी साडेसतरा टन ठेवले की हिसका चौपटीच्या वर जातो, आणि तो झेलायला असतात हे दोन सुटे पडदे.

"पण आमच्याकडं कुठं येतोय भूकंप?" हा प्रश्न आला आणि मी उत्तर द्यायच्या आत आजीच बोलल्या. त्या लग्न होऊन या घरात आल्या त्याच वर्षी, डिसेंबरात, पहाटे मांडणीवरची भांडी आपोआप वाजायला लागली. आधी वाटलं मांजर असेल. मग हंडा खाली पडला आणि सासऱ्यांनी सगळ्यांना अंगणात काढलं. त्यानंतर आठवडाभर थंडीत बाहेर झोपले सगळे. तो कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमाराला. तीव्रता ६.३. कोयनानगर आणि आसपास पावणेदोनशेच्या घरात माणसं गेली. कोयना इथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे. आजींचे सासरे म्हणायचे, धरणानं झालं. त्यांचं म्हणणं अडाण्याचं नव्हतं. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत शिवाजीसागरात पाणी साठायला लागलं आणि तिथले धक्के वाढले. जमिनीतल्या आधीपासून असलेल्या भेगांत पाण्याचा दाब पोचला की अडकून बसलेले खडक सुटायला मदत होते, हे आज जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेचंच उदाहरण देऊन सांगतात.

भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या संहितेत बेळगाव तिसऱ्या भूकंप विभागात आहे, कोयना चौथ्यात. तिसरा म्हणजे मध्यम. "मध्यम" हा शब्द ऐकून अण्णांचा चेहरा थोडा सैल झाला, म्हणून मला किल्लारी सांगावी लागली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. तीव्रता ६.२. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा, माणसं विसर्जन करून दमून झोपलेली. त्या वेळच्या नकाशात किल्लारी सगळ्यात सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पहिल्या विभागात होती. पुढं तो पहिला विभाग नकाशातून काढूनच टाकला. तिथं हजारो माणसं गेली ती जमीन फाटून नाही. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींचे दोन पडदे एकमेकांपासून सुटले, वरचं मातीचं माळवद खाली आलं, आणि झोपलेली माणसं त्याखाली सापडली. आमचं छप्पर कौलारू आहे, हलकं आहे, हा मोठा फरक. तोच फरक आपण पैसे खर्चून पुसायला निघालो होतो.

स्लॅब त्या दिवशी रद्द झाला नाही. पुण्याच्या भावानं निम्मे पैसे घातले होते आणि त्यांचा राग रास्त होता. फोनवर ते म्हणाले, "मग काय घर पाडू?" घर पाडायची गरज नव्हती, हेच मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. पंधरा दिवस गेले. शेवटी ठरलं ते असं: या भिंतींवर स्लॅब नाही. कौलं राहतील. तो पैसा आधी भिंती एकजीव करायला वापरायचा, आणि पाहुण्यांसाठी परड्यात स्वतंत्र पायावर दोन खोल्या पुढच्या वर्षी बांधायच्या.

काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धरलं, कारण वळवाच्या आत उरकायचं होतं. ऑगस्ट २०१९ च्या पावसात जिल्ह्यात किती घरं बसली ते इथं सगळ्यांनी पाहिलंय. याच घराच्या उत्तरेच्या भिंतीला तेव्हापासून पोट आलं होतं. भिंतीत पाणी मुरलं की मधली माती फुगते, बाहेरचा पडदा ढकलला जातो. पावसानं अर्धी सुटलेली भिंत भूकंपाला एका धक्क्यात मिळते. म्हणून पन्हळ दुरुस्त करणं, भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू न देणं, उंदरांची बिळं बुजवणं, ही कामं मी भूकंपाच्याच यादीत धरतो.

मुख्य काम आरपार दगडांचं. मुळात भिंत रचतानाच दर दोन फूट उंचीवर आणि चारेक फुटांच्या अंतरावर एक असा लांब दगड टाकायचा असतो की त्याचं एक तोंड बाहेर दिसेल आणि दुसरं आत. तो दोन्ही पडद्यांना धरून ठेवतो. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं, देवळाच्या भिंतीत असे दगड दिसतात. पण लांब दगड महाग, घडवायला वेळ लागतो, म्हणून घरांत गाळले गेले. आता ते मागाहून बसवायचे. मेस्त्री एक दगड निवडतात, हातोडा न मारता बारक्या सळईनं हलवून सैल करतात, काढतात. मग हातानं आतली माती उकरत उकरत पलीकडच्या पडद्यापर्यंत जातात आणि तिथला दगड थोडा खालच्या अंगाला काढतात. भोकात निम्मं काँक्रीट, त्यावर दोन्ही टोकांना आकडा केलेली आठ मिलिमीटरची सळई, वर पुन्हा काँक्रीट. दहा दिवस पाणी मारायचं. मीटरभराच्या अंतरानं, वरच्या ओळीतलं भोक खालच्या दोन भोकांच्या मध्ये येईल असं. काम चिकाटीचं. मेस्त्री मूळचे बैलहोंगलकडचे, मराठी-कन्नड मिसळून बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांना हा उद्योग पटला नव्हता. चौथ्या दिवशी ते स्वतःच भिंतीवर थाप मारून आवाज ऐकवायला लागले: इथं पोकळ, इथं भरीव.

सातव्या दिवशी अपघात झाला आणि चूक माझी होती. उत्तरेच्या पोट आलेल्या भिंतीला हात लावण्याआधी टेकू द्यायला हवे होते. टेकूच्या लाकडी बल्ल्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या आणि मी "एवढं एक भोक करू" म्हटलं. दगड निघाला आणि त्याच्यावरचा बाहेरचा पडदा, साधारण दारा-एवढा भाग, खाली बसला. मेस्त्रींचा हाताखालचा मुलगा दोन पावलं मागं होता म्हणून वाचला. धूळ खाली बसल्यावर आतला पडदा तसाच उभा दिसला, कोनाड्यातल्या दिव्यासकट. किल्लारीत काय घडलं असेल ते त्या वेळी गल्लीतल्या प्रत्येकानं डोळ्यांनी बघितलं. पण ते एका पोराच्या जिवावर दाखवायचा मला काही अधिकार नव्हता. त्यानंतर टेकू लागल्याशिवाय एकही दगड हलवला नाही. तो भाग सिमेंटच्या मालात नव्यानं रचला, भिंतीची जाडी दीड फुटावर आणली आणि आरपार दगड घालून घेतले.

मग दारा-खिडक्यांच्या चौकटींवरून घराभोवती पट्टा. आतून आणि बाहेरून जाळीची वीतभर रुंद पट्टी भिंतीला खिळवायची, आतली-बाहेरची पट्टी आरपार सळयांनी बांधायची आणि सिमेंटचा गिलावा करायचा. पिंपाला कडं असतं तसं. चारी कोपऱ्यांत हा पट्टा न तुटता वळला पाहिजे, कारण भूकंपात पहिली चीर कोपऱ्यात पडते आणि दोन भिंती एकमेकींपासून फाकतात. आढ्यापर्यंत चढलेले दोन्ही बाजूंचे त्रिकोण, जिथं भिंतीला वरून कुणाचाच आधार नसतो, तिथले दगड उतरवले आणि पत्रा-लाकडाची भिंत केली. आजींना ते रूप आवडलं नाही. अजूनही आवडत नाही.

हे झालं भिंतींचं. इतका खर्च प्रत्येकाला जमणार नाही, याची मला जाणीव आहे. पण या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग जवळजवळ फुकटात झाला.

काम सुरू होण्याआधी, एका रात्री दहा वाजता, आम्ही दिवे घालवले आणि सगळ्यांना आपापल्या अंथरुणावर आडवं व्हायला सांगितलं. मी मोबाईलवर सेकंद मोजत होतो. "हललं" म्हटल्यावर बाहेर पडायचं. मुलगा आधी दारापाशी पोचला आणि तिथंच अडकला. पुढच्या दाराला जुना लाकडी आडणा आहे, भिंतीतल्या खोबणीतून ओढून काढायचा. तो काढायलाच आठ सेकंद गेले. मागं चौघं अंधारात एकमेकांवर आपटत उभे. आजी बाहेर आल्या तेव्हा एकतीस सेकंद झाले होते. जोराचा हादरा पुष्कळदा तेवढ्यात संपलेलाही असतो. त्याहून वाईट गोष्ट बाहेर होती. सगळे जिथं येऊन उभे राहिले तो पुढचा बोळ सहा फुटांचा, आणि समोर शेजाऱ्यांची एका अंगाला कललेली दगडी भिंत, वर सुटी कौलं. एकेक कौल दोन-अडीच किलोचं. म्हणजे घरातून धावत सुटून आम्ही सगळे नेमके त्याखाली जमलो होतो.

कॉलेजातली मुलगी म्हणाली, "शाळेत आम्हाला टेबलाखाली बसायला शिकवलंय. पण आपल्या घरात टेबल आहे कुठं?" तिच्या या प्रश्नाभोवती पुढचा सगळा आराखडा उभा राहिला. खाली बसा, आडोसा घ्या, धरून ठेवा, ही सूचना नीट बांधलेल्या काँक्रीटच्या इमारतीत अगदी बरोबर आहे. पुण्याच्या भावाच्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हलत असताना जिन्याकडं धावणं आणि लिफ्टमध्ये शिरणं हाच धोका. तिथं टेबलाखाली जायचं, टेबलाचा पाय धरायचा, हादरा थांबल्यावर जिन्यानं उतरायचं. दगड-मातीच्या बैठ्या घरात मात्र चार पावलांवर मोकळी जागा असेल तर बाहेर पडणं शहाणपणाचं. एकाच कुटुंबाचे दोन नियम. म्हणून आम्ही खोलीखोलीचा नियम ठरवला.

मागच्या सोप्यात झोपणाऱ्यांनी थेट परड्यात जायचं, खळ्यावर. पुढचं दार भूकंपात वापरायचंच नाही. मागच्या दाराला एका हातानं निघणारी कडी बसवली आणि कडीपाशी रात्री हिरवा बारका दिवा. माजघरातून परडं लांब पडतं, तिथल्यांनी धावायचं नाही. तिथं मुलानं कारखान्यातून जाड अँगलची लोखंडी कॉट वेल्ड करून आणली. तिच्याखाली शिरायचं, मान आणि डोकं हातांनी झाकायचं, कॉटचा पाय सोडायचा नाही. स्वयंपाकघरात वहिनींनी हाताशी असेल तर शेगडीचं बटण बंद करायचं, नाहीतर ते सोडून निघायचं. सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधला.

मग एक रविवार वस्तूंचा. लोखंडी कपाट आजींच्या उशाशी होतं, ते हलवलं आणि भिंतीला पट्टीनं जखडलं. माळ्यावरची तांदळाची पोती खाली आली. मांडणीच्या वरच्या फळीवरचे पितळी हंडे, पाटा आणि उखळ जमिनीवर. फळ्यांना पुढं बोटभर उंचीची पट्टी ठोकली. पलंगावरच्या भिंतीतली काचेची तसबीर काढताना वहिनी जरा थांबल्या, ती सासऱ्यांची होती. ती आता सोप्यात आहे, खाली कुणी झोपत नाही अशा भिंतीवर.

आजींची जागा बदलणं सगळ्यात अवघड गेलं. त्या माजघरात, देवघराच्या समोर झोपतात. डोळे उघडल्यावर पहिल्यांदा देव दिसला पाहिजे. एकतीस सेकंदांचा आकडा त्यांना सांगून उपयोग नव्हता. शेवटी अण्णांनी त्यांना विचारलं, "आई, त्या साली आजोबांनी तुला कुठनं भायेर काढलं?" त्या म्हणाल्या, "मागल्या दारानं." दुसऱ्या दिवशी त्यांचं अंथरूण मागच्या सोप्यात आलं, आणि मुलानं देवघराचं दार उलट्या बाजूला फिरवून लावलं. आता सोप्यातून समई दिसते.

शेजाऱ्यांच्या कललेल्या भिंतीचं काय, हा प्रश्न एका घराचा नव्हता. भजनाच्या दिवशी देवळात बसून बोलणं झालं. भूकंप झाला तर ढिगाऱ्यातून माणसं काढायला पहिल्या तासात शेजारीच असतात. बेळगावहून कुणी निघेपर्यंत आणि बोळात शिरेपर्यंत वेळ जाणारच. म्हणून पहार, टिकाव, फावडी, करवत, दोर, ट्रकचा जॅक आणि दोन बॅटऱ्या कुणाकडं आहेत ते लिहून काढलं आणि तालमीच्या खोलीत एक संच ठेवला. अंथरुणाला खिळलेली माणसं गल्लीत तीन निघाली. प्रत्येकाला दोन-दोन तरुण नेमले. आणीबाणीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे आकडे कन्नड आणि मराठी दोन्हींत मोठ्या अक्षरांत रंगवले. गल्लीत दोन्ही वाचणारे आहेत आणि एकच वाचणारेही आहेत, घाबरलेल्या माणसाला तर आपलीच लिपी आधी दिसते. बाहेर पडण्याची हाक काय द्यायची यावर मुलांनी मत दिलं: "भायेर या!" आणि लगेच "होरग बर्री!", दोन्ही पाठोपाठ.

प्रत्येक घरानं बाहेरगावचा एक माणूस ठरवला. अण्णांचा पुण्याचा भाऊ. हादऱ्यानंतर एकमेकांना फोन लावत बसायचं नाही, सगळ्यांनी त्यांना एक मेसेज टाकायचा, "मी बरा आहे, खळ्यावर आहे." आणि कोयनेकडं धक्का बसला की मोबाईलवर फिरणारे "आज रात्री तीनला मोठा येणार" असले निरोप पुढं पाठवायचे नाहीत, कारण भूकंपाचा दिवस-वेळ आजवर कुणालाही आधी सांगता आलेली नाही. धक्क्यांची खरी नोंद दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र काही मिनिटांत देतं. मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येत राहतात एवढं मात्र धरून चालायचं. चिरा गेलेल्या घरात दागिन्यांसाठी, जनावरांसाठीसुद्धा, परत शिरायचं नाही. गोठ्याचं दावं बाहेरून सुटेल असं बांधायचं हे अण्णांनीच सुचवलं.

गणपतीत एकवीस माणसं जमली. तिसऱ्या दिवशी, आरती आणि जेवणं झाल्यावर, पुन्हा दिवे घालवले. माजघरात अकरा जण होते, कॉटखाली सहाच मावले. पोरं आणि मोठी माणसं मिळून पाच जण मधोमध उघड्यावर राहिले. हे आम्ही आधी धरलंच नव्हतं, कारण सगळा आराखडा पाच माणसांवर बेतला होता. त्याच रात्री माजघरात सहापेक्षा जास्त जणांनी झोपायचं नाही असं ठरलं आणि उरलेल्यांची अंथरुणं खळ्यावरच्या मांडवात टाकली. सोप्यातले सगळे चौदा सेकंदांत बाहेर आले. आजी नऊ सेकंदांत, नातवाचा हात धरून.

परड्यातल्या दोन खोल्यांचं जोतं दिवाळीनंतर भरलं, चारी बाजूंनी पट्टा घेऊन. समोरची कललेली भिंत अजून तशीच आहे. शेजारी तयार आहेत, पैसा कमी पडतोय. तूर्त तिला तीन टेकू दिलेत, वरची सुटी कौलं उतरवलीत, आणि एप्रिलमध्ये मेस्त्री पुन्हा येणार आहेत. या वेळी बल्ल्या आदल्या दिवशी येतील.